लेथवर लाकूड चढवण्याआधी : गोफण, कडबा आणि ओली चादर

मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाची एक जाड फांदी पडली. तोडून बाजूला टाकलेल्या ओंडक्यांपैकी एक शेजारच्या मुलानं घरी नेला. त्यानं थोड्याच दिवसांपूर्वी ऑनलाइन एक छोटी लेथ मागवली होती. हल्ली मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ फिरत असतात. ओबडधोबड ओंडका गरगर फिरतो, रिबिनीसारखे भुशाचे तुकडे उडतात आणि बघता बघता वाडगा तयार होतो. ते पाहून सोलापुरात काय किंवा पुण्यात काय, अनेक घरांत अशी यंत्रं येऊ लागली आहेत.

"काका, जरा येऊन बघा की, ओंडका लावलाय," अशी त्यानं हाक मारली. मी पोचलो तेव्हा त्याचं बोट बटणावर होतं. ओंडका सालीसकट तीन जबड्यांत धरलेला, दुसऱ्या टोकाला काहीच आधार नाही, वेगाचा खटका सगळ्यात वर. मी आधी प्लग काढला, मग बोललो.

मी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवायचं काम केलं. ओतकामाचा साचा ज्या लाकडी नमुन्यावरून घेतात, तो पॅटर्न. त्यामुळे लेथजवळ माझी बरीच वर्षं गेली. त्या मुलाला मी जे समजावलं तेच इथे सविस्तर लिहितो आहे, कारण त्या व्हिडिओंत लाकूड यंत्रावर चढवण्याचा भाग जवळजवळ नेहमीच कापलेला असतो. आणि लेथवरचा अपघात तिथेच ठरतो. बटण दाबल्यावर तो फक्त दिसतो.

लेथ म्हणजे काय

ड्रिल मशीनमध्ये हत्यार फिरतं आणि लाकूड स्थिर असतं. लेथवर उलटं : लाकूड फिरतं आणि हत्यार आपल्या हातात. कुंभाराचं चाक आडवं पाडून त्याचा आस जमिनीला समांतर केला आणि मातीच्या जागी लाकूड लावलं, असं समजा. माती हाताच्या दाबानं आकार घेते, लाकूड मात्र कापावं लागतं.

चार शब्द लक्षात ठेवले तर पुढचं सगळं सोपं होईल. मोटरकडचं टोक म्हणजे हेडस्टॉक, ते लाकूड फिरवतं. समोरचं सरकतं टोक म्हणजे टेलस्टॉक, ते लाकडाला दुसऱ्या बाजूनं दाबून धरतं. हत्यार टेकवायचा लोखंडी आधार म्हणजे रेस्ट. आणि हेडस्टॉकवर बसणारा, जबड्यांनी लाकूड पकडणारा भाग म्हणजे चक. फिरत्या लाकडाला कारखान्यात 'जॉब' म्हणतात, तोच शब्द मीही वापरतो.

हे काम आपल्याकडे नवं नाही. लाटणं, रवी, भोवरा, पाळण्याचे खांब, पोळपाटाचे पाय हे सगळं कातारी लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले. सावंतवाडीची लाखेच्या रंगाची खेळणी याच कामातून आली. सोलापूर तर मागांचं गाव, आणि सूत गुंडाळायच्या जुन्या लाकडी बॉबिनही अशाच फिरवून काढलेल्या असत.

गोफणीतला दगड

ज्वारी दाण्यावर आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारी माणसं आपल्या सोलापूर जिल्ह्यात अजून दिसतात. गोफणीचं एक टोक सुटलं की दगड गोल फिरत राहत नाही. ज्या क्षणी सुटला त्या क्षणी त्याचं तोंड जिकडे, तिकडे तो सरळ जातो.

लेथवरचा जॉब म्हणजे हीच गोफण, दोरीच्या जागी लाकडाचे स्वतःचे धागे. भेग गेलेला तुकडा सुटला, साल निघाली किंवा अख्खा जॉबच चकमधून निसटला, तर तो त्याच रेषेत जाणार. लाकडाच्या लेथवर जॉबची वरची बाजू आपल्याकडे येत खाली जाते. म्हणजे माथ्यावर सुटलेला तुकडा थेट आपल्या तोंडाच्या आणि छातीच्या दिशेनं निघतो.

किती जोरात? १००० फेरे मिनिटाला हा वेग धरू. ५ सेंटीमीटर व्यासाच्या लाटण्याची कड ताशी साधारण ९ किलोमीटरनं फिरते, म्हणजे धावणाऱ्या मुलाइतकी. त्याच वेगावर ३० सेंटीमीटरचा वाडगा लावा, त्याची कड ताशी ५६ किलोमीटरनं फिरेल. खटका २००० वर नेला तर ११३. पुणे रस्त्यावरच्या चारचाकीच्या वेगानं लाकडाचा ढलपा तोंडाकडे येतोय, असा त्याचा अर्थ. मशीनवर आकडा १००० च दिसतो. खरा वेग आकडा आणि व्यास मिळून ठरतो.

म्हणून जुन्या कारागिरांचा एक ढोबळ हिशेब आहे : व्यास इंचांत घ्या, त्याला फेऱ्यांनी गुणा, उत्तर ६००० ते ९००० च्या आत ठेवा. २ इंचाच्या लाटण्याला ३००० फेरे चालतात, १० इंचाच्या वाडग्याला ६०० पुरे. हा हिशेब गोल झालेल्या, कोरड्या, न हादरणाऱ्या जॉबचा आहे. नवशिक्यानं ६००० च्याही खाली राहावं, आणि ओबडधोबड ओंडका चढवला असेल तर यंत्राच्या सर्वांत कमी वेगावरच सुरुवात करावी.

ओल्या चादरीचा हिशेब

सोलापूरच्या घरात हे वेगळं सांगायला नको. वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये एक ओली चादर एका बाजूला गोळा झाली की मशीन थडथडत न्हाणीभर चालायला लागतं. आपण झाकण उघडतो, चादर नीट पसरतो, पुन्हा लावतो. 'जोरात फिरवलं की आपोआप थांबेल' असं कोणी म्हणत नाही.

लेथवर मात्र म्हणतात. "वेग वाढवला की थरथर जाते" हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे. कधी कधी थरथर खरंच कमी झाल्यासारखी वाटते, कारण यंत्राच्या हादऱ्याची एक ठरावीक लय असते आणि तिच्या पुढे गेलं की आवाज बदलतो. पण जॉबवरची ओढ वाढलेलीच असते. समजा ओंडक्याची एक बाजू १०० ग्रॅमनं जड आहे आणि ते वजन मध्यापासून १० सेंटीमीटरवर आहे. ५०० फेऱ्यांवर ते साधारण ३ किलोच्या जोरानं बाहेर ओढतं. १००० वर ११ किलो. २००० वर ४४. वेग दुप्पट, ओढ चौपट. शिवाय १००० फेऱ्यांवर ही ओढ सेकंदाला जवळपास १७ वेळा सगळीकडे फिरते. खिळा काढताना आपण तो इकडेतिकडे हलवून सैल करतो ना, तेच इथे चकच्या पकडीचं होतं.

त्यामुळे ओंडका हादरला तर वेग कमी करायचा. तरीही हादरला तर बंद करून उतरवायचा आणि जड बाजू करवतीनं किंवा वाकसानं तासून घ्यायची. चौकोनी तुकडा असेल तर चारही कोपरे आधीच उडवून आठकोनी केला की अर्धं काम झालं.

कडब्याची पेंढी

लाकूड एकजीव दगडासारखं नसतं. ते कडब्याच्या पेंढीसारखं असतं : सगळी ताटं एका दिशेला, एकमेकांना चिकटलेली. ताटांच्या लांबीच्या दिशेनं ओढलं तर तुटता तुटत नाही, पण दोन ताटांच्या मध्ये विळा घातला की पेंढी सहज फाकते. लाकडाच्या धाग्यांचं तसंच आहे, आणि लेथवरच्या बहुतेक नियमांचं मूळ या पेंढीत आहे.

लाटणं करताना पेंढी आसाच्या दिशेनं आडवी असते. धागे हेडस्टॉककडून टेलस्टॉककडे जातात. हे काम तुलनेनं शांत. हत्यार जाड भागाकडून बारीक भागाकडे न्यायचं, जशी आपण पेन्सिल तासतो. उलट नेलं तर धार धाग्यांच्या टोकांत शिरते आणि त्यांना उचकटते.

वाडगा करताना पेंढी उभी धरून फिरवल्यासारखी होते. एका फेऱ्यात हत्यारासमोर दोनदा ताटांची बाजू येते आणि दोनदा त्यांची कापलेली टोकं. मऊ, कडक, मऊ, कडक. म्हणून वाडग्यावर हत्यार अडकण्याची शक्यता जास्त. बाहेरून कापताना बुडाकडून काठाकडे जायचं, आतून काठाकडून मध्याकडे. लाटण्याचा ओंडका गोल करायला जी रुंद, खोल पन्हाळीसारखी छिन्नी, म्हणजे गाऊज, वापरतात ती वाडग्यावर कधीही लावायची नाही. तिचा मुठीत शिरणारा भाग पात्याच्या मानानं अरुंद असतो आणि वाडग्याच्या धक्क्यानं तो मोडू शकतो. वाडग्याची गाऊज वेगळी येते, जाड गोल सळईतून कोरलेली. दोन्हींना दुकानदार 'गाऊज'च म्हणतो, म्हणून घेताना नीट विचारून घ्या.

यंत्रावर कुठलं लाकूड येऊ द्यायचं नाही

उन्हाळ्यात आपल्याकडची काळी माती भेगाळते, कारण वरचा थर आधी वाळून आक्रसतो आणि खालचा अजून ओला असतो. ओल्या ओंडक्याचं हेच होतं. पाणी कापलेल्या टोकांतून फार लवकर निघून जातं, कारण धाग्यांच्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. त्यात लाकूड वर्तुळांच्या दिशेनं जितकं आक्रसतं, गाभ्याच्या दिशेनं त्याच्या साधारण निम्मंच आक्रसतं. या ओढाताणीत गाभ्याकडे जाणाऱ्या भेगा पडतात. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हात गच्चीवर टाकलेला ताजा ओंडका काही दिवसांत फाटतो. पॅटर्नला घ्यायचा एक सुरेख ठोकळा मी स्वतः असा उन्हात ठेवून घालवला आहे.

भेगेत चिकटद्रव्य भरून लाकूड वापरता येईल का, हे बरेच जण विचारतात. दिसायला भेग बुजते, पण ती आत कुठपर्यंत गेली आहे हे आपल्याला दिसत नाही. फिरत्या जॉबसाठी मी असं लाकूड घेत नाही. माठ घेताना आपण बोटानं वाजवून बघतो, तसं लाकूड वाजवा. धड, कोरडं लाकूड टणटणतं. आत भेग असेल तर आवाज बसका येतो.

दुसरी गोष्ट खिळे. रस्त्याकडेच्या झाडांना पाट्या ठोकून ठोकून खोडात खिळे गडप झालेले असतात. एमआयडीसीतून स्वस्तात मिळणाऱ्या पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांतही खिळे आणि पिना राहतात. लोहचुंबक फिरवून बघायला एक मिनिट लागतं. सुटलेली साल, मोठ्या सैल गाठी, वाळवीनं पोखरलेला भाग हे सगळं बाहेरच काढायचं.

आणि कण्हेर. महामार्गाच्या दुभाजकावर ती फोफावलेली असते, फांद्या सरळ असतात, म्हणून कुणाला मोह होतो. तिचं सगळं झाड विषारी आहे. तिची रवी, चमचा, लाटणं, काही करू नये.

शिकायला बाभूळ चांगली, पण वाळलेली. ती जड आणि चिवट असते, म्हणून तर औजारांचे दांडे आणि बैलगाडीची चाकं तिची करत आले. साग मऊसर कापला जातो, मात्र त्यात वाळूसारखे बारीक कण असतात, त्यानं धार लवकर जाते. वखारीत तुकड्यांच्या ढिगातून दोन-तीन इंच जाडीचे कोरडे ठोकळे मागितले तर बहुतेक वेळा मिळतात.

धरायचं कसं

धरायच्या तीन पद्धती आहेत. पहिलीवर महिनाभर हात बसल्याशिवाय दुसरीकडे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

पहिली, दोन टोकांच्या मध्ये. चौकोनी तुकड्याच्या दोन्ही टोकांवर कोपऱ्यातून कोपऱ्यात रेषा ओढल्या की त्या छेदतात तिथे मध्य. तिथे छोटं भोक पाडायचं. हेडस्टॉकच्या बाजूला चार दात्यांचं टोक येतं, त्याला ड्राइव्ह सेंटर म्हणतात. ते यंत्रातून काढून, लाकूड जमिनीवर उभं धरून, लाकडी हातोड्यानं त्यात ठोकून बसवायचं. लोक ते यंत्रावरच ठोकतात आणि बेअरिंगचा सत्यानाश करतात. बाभळीसारख्या कडक लाकडाला आधी त्या रेषांवर करवतीचे उथळ काप दिले तर दाते नीट रुततात. मग टेलस्टॉक जवळ आणून, फिरणारं सेंटर मध्यात टेकवून, हातचाकानं घट्ट दाबायचं. टेलस्टॉकला दोन कुलपं असतात, एक बुडाला, एक पुढे सरकणाऱ्या नळीला. दोन्ही आवळायची. दुसरं बहुतेक जण विसरतात. आणि दोन-चार मिनिटं काम झाल्यावर यंत्र थांबवून हातचाक पुन्हा आवळायचं, कारण दाबामुळे लाकूड थोडं आत बसतं आणि पकड ढिली होते.

या पद्धतीत जॉब दोन्हीकडून धरलेला असतो. लहान मूल चालायला शिकताना दोन बोटांना धरून चालतं, तसा.

दुसरी, फेसप्लेट. ही भोकं असलेली लोखंडी तबकडी स्क्रूनं लाकडाला आवळतात. सगळ्या भोकांत स्क्रू हवेत, जाडजूड हवेत, आणि निदान इंचभर लाकडात शिरायला हवेत. पीओपीच्या कामाचे ते काळे स्क्रू इथे चालत नाहीत. ते कडक असतात पण ठिसूळ असतात, बाजूनं धक्का बसला की डोकंच तुटतं. आणि पेंढीच्या कापलेल्या टोकांत स्क्रू मारायचा नाही. कडब्याच्या टोकात काडी खुपसली तर ती ताटांमधून शिरते आणि तशीच सहज बाहेर येते.

तिसरी, चक. लाकडाच्या लेथचं चार जबड्यांचं चक वेगळं असतं. लोखंडाच्या लेथचं तीन जबड्यांचं चक स्वस्तात मिळालं म्हणून लोक लाकडाला लावतात. त्याचे जबडे अरुंद असतात, लाकूड चेंगरतं पण धरलं जात नाही. चकमध्ये धरायच्या आधी जॉब पहिल्या पद्धतीनं फिरवून त्याच्या बुडाला एक गोल टप्पा काढावा लागतो. त्याला टेनन म्हणतात. वाडग्याच्या व्यासाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त एवढा तो ठेवतात.

इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त जॉब तिथेच सुटतात. टेननचं बूड चकच्या तळाला टेकता कामा नये. टेननच्या भोवतीचा सपाट खांदा जबड्यांच्या तोंडावर बसला पाहिजे. पिंप रुंद बैठकीवर ठेवलं तर स्थिर राहतं, खुंट्यावर ठेवलं तर डुगडुगतं. खांदा म्हणजे ती रुंद बैठक. टेनन तळाला टेकली की खांदा हवेत राहतो आणि जॉब एका खुंट्यावर डुलतो. जबडे जवळजवळ मिटलेले असताना त्यांची गोलाई टेननला पूर्ण भिडते, खूप उघडे असतील तर फक्त कोपरे टोचतात. म्हणून टेनन चकच्या मापाला धरूनच काढायची. आणि चक कितीही चांगलं असलं तरी आतलं कोरायला सुरुवात करेपर्यंत टेलस्टॉकचा आधार काढायचा नाही.

त्या मुलाच्या ओंडक्यात यातलं काहीच नव्हतं. जबडे सालीवर होते, आणि साल म्हणजे ओंडक्याचा सदरा. सदरा धरून माणूस अडवता येत नाही.

बटण दाबायच्या आधी

जॉब हातानं पूर्ण एक फेरा फिरवायचा. रेस्टला कुठे घासत नाही ना, हे कानानं आणि डोळ्यानं बघायचं. रेस्ट जॉबपासून ३ ते ६ मिलिमीटरवर. चकची चावी चकमधून काढून टेबलावर, नजरेसमोर. वेग सर्वांत कमी. मग गोफणीच्या रेषेतून बाजूला उभं राहून बटण, आणि निदान अर्धा मिनिट नुसतं ऐकायचं. टिकटिक आली तर थांबवून बघायचं. काहीतरी सैल आहे किंवा भेग आहे.

आपल्याकडे वीज कधीही जाते. दिवे गेले की लोक चहा प्यायला जातात, यंत्राचं बटण चालूच राहतं आणि वीज आली की कोणी जवळ नसताना, किंवा कोणी वाकून जॉब बघत असताना, ते आपोआप फिरू लागतं. वीज गेली की पहिलं काम बटण बंद करायचं. वीज परत आल्यावरही पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारे स्विच मिळतात, ते बसवून घेतलेले बरे.

हत्यार टेकवताना

क्रम एकच आहे. आधी हत्यार रेस्टवर टेकवायचं. मग धारेमागचा तिरका उतार लाकडावर घासू द्यायचा, अजून काहीच कापायचं नाही. मग मूठ हळूच वर उचलायची म्हणजे धार लाकडात उतरते. आधी लाकूड आणि मग रेस्ट असं झालं की फिरतं लाकूड हत्यार खाली हापटतं. सायकलच्या फिरत्या चाकात काठी घालण्यासारखं ते आहे.

रेस्ट जवळ का ठेवायची, हे तरफेसारखं आहे. रेस्टच्या मागे हत्याराची लांबी ३० सेंटीमीटर आणि पुढे १ सेंटीमीटर असेल, तर लाकडाच्या धक्क्याविरुद्ध आपल्या हाताला तीसपट बळ मिळतं. पुढे ५ सेंटीमीटर गेलं की ते सहापटीवर येतं. मी शिकाऊ असताना आळसानं रेस्ट न सरकवता कापत राहिलो. हत्यार लाकडात घुसलं, मूठ उसळून मनगटावर बसली आणि पंधरा दिवस मला भाकरी मोडता येत नव्हती. जॉब बारीक होत जातो तशी रेस्ट पुढे घ्यावी लागते, आणि ती सरकवायची तर यंत्र बंद करूनच.

जुन्या कानशीची हत्यारं घडवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कानस फार कडक असते, म्हणून तिची धार छान टिकते, पण ती तितकीच ठिसूळ असते. लेथच्या धक्क्यानं तिचे तुकडे उडतात. आणि बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा जास्त इजा करतं, कारण ते कापत नाही म्हणून आपण अंगाचा जोर लावतो आणि जोर लावलेलं हत्यार निसटलं की हातही त्यामागे जातो.

"हातमोजे घातले तर हात वाचेल ना?"

नाही, उलट हात जाईल. खरचटणं वाचवायला हातमोजे ठीक, पण फिरत्या वस्तूनं मोज्याचा एक धागा पकडला की ती अख्खा हात गुंडाळते. १००० फेऱ्यांवर सेकंदात १७ वेढे होतात. हात मागे ओढायला माणसाला तेवढा वेळच मिळत नाही. यंत्रमागाच्या पट्ट्यात लुंगी किंवा सदऱ्याचं टोक अडकल्याच्या हकिकती या गावात घरोघरी माहीत आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही चालत्या यंत्राजवळ हात घालावा लागणाऱ्या कामगाराला अंगाला घट्ट बसणारे कपडे द्यावेत असं लिहिलं होतं.

म्हणून ओढणी, पदर, लोंबत्या बाह्या, मनगटावरचे दोरे, कडं, अंगठी, गळ्यातली साखळी हे काहीच नको. केस बांधून टोपीत. पॉलिश पेपर मारताना रेस्ट काढून टाकायची, म्हणजे बोटं मध्ये चेमटत नाहीत. तेल किंवा लाख लावताना फडकं बोटाला गुंडाळायचं नाही. जाड कागद वापरायचा, तो अडकला तर फाटून जातो.

"चष्मा आहे की माझ्याकडे"

चष्मा डोळ्यांपुरता. ढलपा गालावर, जबड्यावर, कपाळावर बसतो. पूर्ण चेहरा झाकणारी, आघात सोसणारी ढाल घ्या. तिच्यावर 'झेड ८७ प्लस' असा शिक्का असतो. ग्राइंडरच्या ठिणग्यांपुरती पातळ पारदर्शक शीट वेगळी, ती इथे पुरत नाही. पण चार किलोचा ओंडका सुटला तर ढालही वाचवेल असं नाही. त्याच्यासाठी पकड आणि उभं राहायची जागा हाच उपाय.

"जुने कातारी तर उघड्या अंगानं करायचे"

खरं आहे, आणि त्यांचं कसब माझ्यापेक्षा मोठं. पण त्यांचा चरक, म्हणजे जुनी लेथ, धनुकलीच्या किंवा हातानं ओढायच्या दोरीवर चालायचा. जॉब पुढे-मागे फिरायचा, वेग कमी, वस्तूही लहान. हत्यार अडकलं की दोरी ओढणाऱ्याच्या हाताला लगेच कळायचं आणि चरक थांबायचा. मोटरला काही कळत नाही, ती फिरवत राहते.

"माझं मशीन तर छोटं आहे" याचंही उत्तर यातच आहे. छोट्या यंत्राचं बेड हलकं असतं, म्हणून ते लवकर उड्या मारतं. ते जड टेबलाला बोल्टनं आवळायलाच हवं. हातातल्या ड्रिलला जोडून बनवलेल्या लेथवर पेनाच्या जाडीपलीकडचं काही लावू नये, कारण ड्रिलचं चक पुढे दाबायला बनवलेलं असतं, बाजूचा धक्का सोसायला नाही.

जे उडताना दिसत नाही

तुकडा लागला तर लगेच कळतं. बारीक भुसा वर्षानुवर्षं छातीत आणि नाकात साठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत नोंदवली. नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा कर्करोग त्यात विशेष. शिसवीच्या धुळीनं काहींच्या अंगावर पुरळ येतं, काहींना दम लागतो. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. एन-९५ मास्क तोंडाला नीट चिकटून बसवावा लागतो, आणि पॉलिश पेपर मारताना तर हवाच, कारण सगळ्यात बारीक धूळ तेव्हाच उडते. पंखा मागून लावून धूळ खिडकीबाहेर जाऊ द्यावी. बंद खोलीत, जिथे घरातली मुलं झोपतात तिथे हे काम करू नये. हे मी कळकळीनं सांगतो. आमच्या काळात मास्क कोणी वापरत नव्हतं आणि माझ्या बरोबरीच्या काहींचा खोकला अजून गेलेला नाही.

त्या संध्याकाळी कडुनिंबाचा ओंडका आम्ही यंत्रावरून उतरवला. गाभ्यातून उभा चिरला, दोन-दोन इंचांच्या फळ्या काढल्या, टोकांना मेणबत्ती वितळवून मेण फासलं. इंचाला वर्ष असा वाळण्याचा ढोबळ हिशेब आहे. "दोन वर्षं?" तो म्हणाला. खडूनं महिना लिहून फळ्या जिन्याखाली सावलीत, मध्ये काड्या घालून रचल्या.

दुसऱ्या दिवशी वखारीतून वाळलेल्या बाभळीचा दीड फुटाचा तुकडा आणला. कोपरे उडवायला अर्धा तास गेला, मध्य काढून सेंटर ठोकण्यात दहा मिनिटं, फिरवायला वीस. लाटणं मधोमध जरा जाड झालंय. त्याच्या आईनं रविवारी त्यावर शेंगापोळ्या लाटल्या आणि दोन आमच्याकडे पाठवल्या.